न्हाणीघर पाहावं फोडून

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण ज्यानं कुणी केली, त्याच्या राहत्या घरातलं न्हाणीघर कुणी फोडलेलं नसावं. नाहीतर म्हणीला तिसरा तुकडा त्यानं नक्की जोडला असता. आम्ही गेल्या वर्षी हा उद्योग केला. त्यात पैसे गेले, झोप गेली, खालच्या काकूंशी दोन महिने अबोला झाला, आणि सर्वांत वाईट म्हणजे माझ्याच वर्गातल्या एका मुलीच्या नजरेला नजर देणं मला जड जाऊ लागलं. म्हणून आज लोणची-पापड बाजूला ठेवते आणि नळ, पाइप, फरशी यांच्याबद्दल लिहिते. विषय रुक्ष आहे खरा. पण ज्या घरात पाणी आहे, त्या घरात कधी ना कधी गळतीही आहेच!

आम्ही सांगलीत एका जुन्या तीन मजली अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. सासूबाईंचे गुडघे गेली दोन वर्षं कुरकुरत होतेच. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “आजींना आता खाली बसायला लावू नका.” म्हणजे संडासात कमोड हवा, न्हाणीघराचा उंबरा काढायला हवा, भिंतीला धरायला दांडी हवी. एवढंच काम होतं. पण फोडायचं म्हटल्यावर आपण बायका काय म्हणतो? “एवीतेवी फोडतोच आहोत, तर...” मराठीतला सगळ्यांत महाग शब्द कुठला असेल तर तो ‘एवीतेवी’! एवीतेवी फोडतोय तर जुनी शहाबादी फरशी काढू. एवीतेवी फरशी काढतोय तर पाइपही बदलू. ह्यांनी दोनदा “अगं, बघ बाई” म्हणून पाहिलं आणि मग वर्तमानपत्रात डोकं घातलं.

काम कुणाला द्यायचं हा प्रश्न नव्हता. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. आठवीतल्या माझ्या वर्गात एक मुलगी आहे. अक्षर मोत्यासारखं, बोलणं मोजकं. तिचे वडील नळकाम करतात. पालकसभेला ते आवर्जून येतात आणि शेवटच्या बाकावर संकोचून बसतात. मला वाटलं, ओळखीचा माणूस, मुलगी आपल्याकडे शिकते, काम चोख करेल. त्यांनी येऊन पाहिलं आणि सगळंच काम अंगावर घेतलं. फोडण्यापासून फरशी बसेपर्यंत मजुरी २८,००० रुपये, माल आमचा, गवंडी त्यांचा. करार काय झाला म्हणाल, तर दुकानाच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूला त्यांनी पेन्सिलीनं ‘२८’ असा आकडा लिहिला. पुढची तीन शून्यं सुद्धा नाहीत! मी तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला आणि मोठा व्यवहार केल्याच्या थाटात चहा टाकला.

गणपती अडीच आठवड्यांवर होते. काम सुरू झालं, धूळ उडाली, सासूबाई नणंदेकडे गेल्या. गणपतीच्या दोन दिवस आधी न्हाणीघर असं चकाचक दिसू लागलं, की शेजारच्या बायका पाहायला आल्या. सणाचे दिवस, त्यांच्याही घरी गणपती, म्हणून उरलेले सगळे पैसे मी फोनवरून लगेच पाठवून दिले. वर त्यांच्या पोरासाठी मोदकांचा डबा!

आता पुढचं ऐका. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात घाण वास यायला लागला. आम्हांला वाटलं, नवीन काम आहे, जाईल. मग लक्षात आलं, की अंघोळीचं पाणी जाळीकडे न जाता बेसिनखालच्या कोपऱ्यात साचतंय. गौरी जेवणाच्या दिवशी सासूबाई परत आल्या आणि त्याच कोपऱ्यात त्यांचा पाय सरकला. नशीब, नव्या दांडीला हात लागला. मनगट सुजलं, एक्स-रे काढावा लागला, पण हाड वाचलं. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच पडल्या! त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “माझी जुनी फरशी खडबडीत होती गं.” त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले, तर दारात खालच्या काकू उभ्या. “चल, दाखवते तुला काहीतरी.” त्यांच्या न्हाणीघराच्या छतावर पुरणपोळीएवढा ओला डाग. पंधरवड्यात तो परातीएवढा झाला आणि त्यातून टप् टप् गळू लागलं. काकूंनी खाली बादली ठेवली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

प्लंबरला फोन केला की उत्तर ठरलेलं, “उद्या येतो, बाई.” ह्या लोकांचा ‘उद्या’ पंचांगात नसतो! एकदा आले, फरशीच्या फटींत पांढरं सिमेंट भरलं आणि गेले. गळती तशीच. पुन्हा आले ते म्हणाले, “पाइपाचं काम पक्कं आहे, गवंड्यानं फरशीत घोळ केलाय.” गवंड्याला गाठलं, तर तो म्हणतो, “फरशी झक्क आहे, पाइपच गळतोय.” दोघंही छातीवर हात ठेवून सांगत होते. काकूंची बादली मात्र भरत होती.

एका संध्याकाळी माझा तोल सुटला. फोनवर मी नको ते बोलले. “ओळखीचं माणूस म्हणून काम दिलं आणि तुम्ही फसवलंत,” असं स्वच्छ म्हणाले. पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, “बाई, फरशी बसवायच्या आधी दोन दिवस पाणी तुंबवून बघू म्हटलं होतं. तुम्हीच नको म्हणालात.”

मी फोन ठेवला. हे समोर बसले होते. त्यांनी विचारलं, “काय म्हणाला?” मी म्हटलं, “काही नाही.”

पण मैत्रिणींनो, ते खरं होतं. काम चालू असताना त्यांच्या हाताखालच्या पोरानं विचारलं होतं, “मालक, पाणी भरायचं नाही का?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं आणि मीच म्हटलं होतं, “अहो, दोन दिवस कुठले? गणपती आले तोंडावर. बसवा फरशी.” ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नव्हती. खरं सांगायचं तर स्वतःलाही सांगितली नव्हती!

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गावर तास होता आणि धडा नेमका पत्रलेखनाचा, तक्रारपत्र! ‘आपल्या भागात पाणी वेळेवर येत नाही, संबंधित अधिकाऱ्यांना पत्र लिहा.’ मी फळ्यावर नेहमीचे मुद्दे लिहिले. तक्रार कशाची ते नेमकं लिहा. तारीख लिहा. आपली मागणी स्पष्ट लिहा. भाषा सभ्य ठेवा. मागे वळून पाहिलं, तर ती मुलगी वहीवर मान घालून बसलेली. एरवी पहिला हात तिचा असतो. घरात फोनवरचं बोलणं तिनं ऐकलं असणार, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. मला माझीच लाज वाटली. गेले दोन महिने मी मुलांना जे शिकवते, त्यातलं एकही केलं नव्हतं. आरडाओरडा केला होता, पण नेमकी तक्रार काय आहे, हे मलाच कुठं ठाऊक होतं?

त्या दिवसापासून मी ठरवलं, की आता भांडण बंद आणि शोध सुरू.

ह्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलेले आणि आता निवृत्त. त्यांना चहाला बोलावलं. त्यांनी सांगितलं, “वहिनी, गळती तीन ठिकाणची असते. नळाकडे येणारा पाइप, सांडपाणी नेणारा पाइप, नाहीतर जमीन. एकेक करून तपासा, आपोआप कळेल.” त्यांनी सांगितलेली युक्ती तुम्हीही लिहून ठेवा.

पहिल्या दिवशी घरातले सगळे नळ घट्ट बंद करून टाकीतून येणाऱ्या पाण्याचा मीटर पाहायचा. काटा फिरत असेल, तर येणारा पाइप गळतोय. हा पाइप सदा भरलेला असतो, त्यामुळे त्याची गळती रात्रंदिवस चालते, कुणी अंघोळ करो वा न करो. आमचा काटा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी मी जिलेबीत घालतो तो केशरी रंग बादलीभर पाण्यात कालवला. रबरी नळीचं एक टोक थेट जाळीच्या आत घातलं आणि फरशीला थेंबही न लावता ते पाणी आत सोडलं. काकू बोलत नव्हत्या, पण त्यांची नात बोलत होती! तिला बादलीवर लक्ष ठेवायला सांगितलं. दोन तासांनी ती धावत वर आली, “काकू, आमच्या बादलीत सरबत पडतंय!” म्हणजे फरशी नव्हे, जाळीखालचा सांधा गळत होता. तिथूनच घाण वासही येत होता.

आता हा जाळीखालचा भाग म्हणजे काय, तेही सांगते. नळकामाच्या दुकानात त्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीचंच नाव! त्यात वाकण असतं आणि त्या वाकणात दोनेक इंच पाणी कायम साचून राहतं. ते पाणी म्हणजे गटारातल्या वासाला आणि झुरळांना घातलेला बांध. म्हणून पाहुण्यांचं न्हाणीघर महिना-महिना बंद असेल तर आठवड्याला तांब्याभर पाणी जाळीत ओतावं. बांध वाळला की वास आलाच. आमच्याकडे बांध होता, पण त्याच्या पलीकडचा सांधाच सुटा होता.

राहिला फरशीचा ढाळ. त्या गृहस्थांनी पिशवीतून पाणसळ काढून फरशीवर ठेवली. म्हणाले, “जाळीकडे फुटामागे निदान एक सूत उतार हवा. सात फुटांच्या न्हाणीघरात जवळजवळ इंचभर. इथे बेसिनपाशी उलटा उतार आहे.” पाणसळ नसली तरी चालतं. फरशीवर खेळण्यातली गोटी ठेवा. गोटी खोटं बोलत नाही. मी त्यांच्याकडून हे सगळं चार ओळींत लिहून, तारीख घालून सही घेतली. डागाचे, साचलेल्या पाण्याचे, केशरी बादलीचे फोटो काढले. फोनवरून पाठवलेल्या पैशांचे दिवस आणि आकडे उतरवले. फ्रिजवरच्या ‘२८’ ला शेवटी ह्याच नोंदींनी अर्थ दिला!

मग कायद्याची चौकशी केली. ती थोडक्यात सांगते, कारण आपल्याला वाटतं की कायदा फक्त बिघडलेल्या मिक्सरसाठी असतो. मोबदला देऊन करून घेतलेलं काम ही सेवा आहे आणि सदोष सेवेबद्दल ग्राहकाला दाद मागता येते. पगारावर ठेवलेल्या घरगड्याचं काम यात धरत नाहीत, पण प्लंबर, सुतार, रंगारी यांना दिलेलं काम येतं. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा पहिल्यांदा झाला तो १९८६ साली. २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. त्याच्याही आधी, १९७५ साली, मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली होती. आता लागू आहे तो २०१९ चा कायदा, जुलै २०२० पासून. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वकील द्यावाच लागतो असं नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करायला हवी. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

हे सगळं कळल्यावर हे एकदम जोरात आले. “टाक केस!” मी म्हटलं, आधी पत्र. फळ्यावर लिहिलेलं तक्रारपत्र मी पहिल्यांदाच खऱ्या कामासाठी लिहायला बसले, आणि चार कागद फाडले. पहिल्या कागदावर नुसता राग होता, दुसऱ्यावर टोमणे. पाचव्यावर नुसतं एवढंच उतरलं: काम कधी सुरू झालं, कधी संपलं, किती पैसे कोणत्या तारखेला दिले. दोष क्रमांक एक, सांधा. दोष क्रमांक दोन, ढाळ. त्यामुळे काय काय झालं. आमची मागणी, पंधरा दिवसांत दुरुस्ती. न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं लागेल. आणि शेवटी एक ओळ मी पेन थांबवून थांबवून लिहिली: ‘फरशी बसवण्यापूर्वी पाणी साठवून पाहण्याची सूचना आपण केली होती व घाईमुळे मी ती नाकारली, हे मला मान्य आहे.’

ह्यांनी वाचलं. “ही ओळ काढ. आपलीच बाजू लंगडी होते.” मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग राहू दे.” सही केली, नक्कल ठेवली, पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं आणि पावती डब्यात जपून ठेवली. शाळेत मुलीच्या हाती द्यायचं सोपं होतं. पण घरचं भांडण दप्तरातून पाठवायचं नाही, एवढं मी पाळलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात ते आणि हाताखालचा पोरगा. आत यायला तयार नव्हते. सासूबाईंनी “बसा, पाणी घ्या” म्हटल्यावर कडेला टेकले. म्हणाले, “बाई, पत्र आलं तेव्हा वाटलं, कोर्टाचा कागद. मला एवढं लिहिलेलं झरझर वाचता येत नाही. पोरीकडून वाचून घेतलं. ती म्हणाली, आप्पा, ह्यात कुठं वाईट लिहिलेलं नाही. बाईंनी स्वतःची चूकपण लिहिली आहे.” मग खाली बघत म्हणाले, “सांधा माझा असेल, तर मी खोलून देतो.”

त्या मुलीला बापावरची तक्रार बापाला वाचून दाखवावी लागली, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तेव्हा जे चार कागद फाडले होते, ते फाडले हे किती बरं झालं, असं वाटलं.

त्याच संध्याकाळी बसून ठरवलं. सांधा आणि फोडण्या-भरण्याची सगळी मजुरी त्यांची. नव्या फरश्या आणि पाणीरोधक लेप यांचा खर्च निम्मा-निम्मा, कारण घाई माझी. काकूंच्या छताला रंग आमच्याकडून. या वेळी सगळं लिहून काढलं, तीन शून्यांसकट, आणि दोघांनी सह्या केल्या.

फरशी उचकटली. पाहतो तर सांडपाण्याचा पाइप आखूड पडलेला! ट्रॅपच्या तोंडात तो जेमतेम अर्धा इंच गेला होता आणि उरलेली फट सिमेंटनं लिंपली होती. प्लास्टिकच्या पाइपाला सिमेंट धरून राहत नाही, तिथे पाइप पुरा आत बसवून त्याचा डिंकच लावावा लागतो. पोरगा रडवेला झाला. ते काम त्याचं होतं. मालक त्याच्यावर खेकसतील असं मला वाटलं. ते म्हणाले, “मी बघायला पाहिजे होतं.” बस्स, एवढंच. मला ते वाक्य फार आवडलं. मीही बघायला पाहिजे होतं.

सांधा नीट झाला, लेप दिला, तो वाळला आणि मग पाणी तुंबवायची वेळ आली. जाळीचं तोंड बंद करून तीन इंच पाणी भरलं. पोरानं भिंतीवर पाण्याच्या कडेला खडूची रेघ ओढली. आता दोन दिवस न्हाणीघर बंद. अंघोळीला जायचं कुठं? मी विचार करत जिन्यात उभी, तर खालून काकूंचा आवाज, दोन महिन्यांनी पहिल्यांदा. “वर काय उभी राहिलीस? पोरांना पाठव खाली. पाणी तापलंय.” दोन दिवस आमचं सगळं घर टॉवेल-साबण घेऊन जिना उतरत होतं, आणि काकू बॅटरी घेऊन दर दोन तासांनी छत तपासत होत्या. ४८ तासांनी पाणी जवळजवळ रेघेवरच होतं आणि काकूंचं छत कोरडं होतं. काकूंनीच गूळ आणून सगळ्यांच्या हातावर ठेवला.

तर मैत्रिणींनो, या सगळ्यातून मी जे शिकले ते तुम्हांला फुकट देते:

१. पाइप, फरशी, लेप हे सगळं काम एकाच्याच अंगावर द्या. वेगवेगळ्यांना दिलंत तर चूक नेहमी दुसऱ्याची निघते.

२. काम काय, माल कोणता, मजुरी किती, दुरुस्तीची हमी किती महिने, हे पानभर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे टप्प्याटप्प्यानं आणि शक्यतो नोंद राहील असे द्या. निदान दहावा हिस्सा महिनाभर वापरून पाहिल्यावरच द्या. सणाची बक्षिशी वेगळी, मजुरी वेगळी.

३. पाइपावरचा छाप वाचा. गार पाण्याच्या पांढऱ्या यूपीव्हीसी पाइपावर आयएस ४९८५ आणि गरम पाण्याच्या पिवळट सीपीव्हीसी पाइपावर आयएस १५७७८ असतं. गीझरच्या गरम पाण्याला पांढरा पाइप जोडू देऊ नका, तो उष्णतेनं मऊ पडतो.

४. भिंतीतले पाइप बुजवण्याआधी त्यांत पाणी दाबानं भरून सांधे तपासायला सांगा. दाबयंत्र नसेल तर निदान रात्रभर पाणी भरून ठेवा आणि सकाळी सांध्यांवरून कोरडा कागद फिरवा. मगच गिलावा.

५. सगळे पाइप उघडे असताना फोटो काढा. पुढे भिंतीत खिळा मारतानाही ते उपयोगी पडतात.

६. लेपानंतर आणि फरशीआधी ४८ तास पाणी तुंबवा. लग्न असो, मुंज असो, गणपती असोत, यात सवलत नाही. खालच्यांना आधी सांगून ठेवा.

७. पैसे चुकते करण्याआधी प्रत्येक कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओता. ते स्वतःहून जाळीकडे चालत गेलं पाहिजे. खराट्यानं ढकलावं लागलं, तर काम झालेलं नाही.

८. गृहनिर्माण संस्थेत राहत असाल तर लक्षात ठेवा. आदर्श उपविधींप्रमाणे संडास-न्हाणीघरातल्या आतल्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा, आणि गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून होणाऱ्या गळतीचा संस्थेचा. खालच्यांशी भांडण्यात अर्थ नसतो. त्या रागावल्या, तर त्यांच्या डोक्यावर पाणी पडतंय म्हणून रागावलेल्या असतात.

आणि नववी गोष्ट यादीत बसत नाही, पण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. तक्रार जरूर करा. सोडून देऊ नका, पैसे कष्टाचे असतात. पण करताना आपल्या पदरात काय आहे तेही मोजून मांडा. मी ती एक ओळ लिहिली नसती, तर कदाचित केस जिंकले असते. पण न्हाणीघर दुरुस्त झालं असतं का, शंकाच आहे.

परवा तिसऱ्या मजल्यावर नवं काम निघालं आहे. वरच्या वहिनींना घाई आहे, मुलीला बघायला पाहुणे यायचेत. जिन्यातून चढताना आमच्या प्लंबरचा आवाज कानी आला, “नाही वहिनी, दोन दिवस पाणी तुंबवल्याशिवाय मी फरशी लावायचा नाही. पटत नसेल तर दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना विचारा.”

वहिनी विचारायला आल्या. मी त्यांना टॉवेल-साबण घेऊन अंघोळीला आमच्याकडे बोलावलं आहे.